फांदीच्या टोकापर्यंत: दोरावर चढून मोठ्या झाडाची छाटणी

फेब्रुवारी सरत आला की मला सोसायट्यांचे फोन सुरू होतात. पार्किंगवर आलेली फांदी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपत असते आणि मागणी बहुतेक वेळा एकच असते: "ताई, ती फांदी बुंध्यापासूनच काढून टाका, म्हणजे पुन्हा कटकट नको." यंदाच्या कामातही तेच झालं. साधारण साठ फूट उंचीचा पर्जन्यवृक्ष, म्हणजे आपण ज्याला रेन ट्री म्हणतो तो. त्याची एक फांदी चाळीस फूट लांब, गाड्यांवर आडवी पसरलेली, बुडाशी माझ्या मांडीपेक्षा जाड.

लोक "बुंध्यापासून" का म्हणतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी आजवर तसंच पाहिलेलं असतं. शिडी लावून, कमरेला कोयता खोचून वर गेलेला माणूस बुंध्याजवळच उभा राहू शकतो. जिथे उभं राहता येतं, तिथेच त्याचा घाव बसतो. मग झाडाला फूट-दीड फूट व्यासाची उघडी जखम होते, पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि काही वर्षांनी तिथे ढोली तयार होते. पलीकडच्या बाजूचं वजन जसंच्या तसं राहतं, झाड एका अंगाला कलतं, आणि मग लोक म्हणतात की झाडच धोकादायक आहे, तोडून टाका.

दोरावर चढलं की शरीराचं वजन वरच्या बेचक्यावर जातं आणि पाय फक्त तोल सांभाळतात. त्यामुळे फांदीच्या बारीक होत गेलेल्या टोकापर्यंत जाता येतं आणि मनगटाएवढ्या डहाळ्या काढून टोकाचं वजन कमी करता येतं. चाळीस फुटांची फांदी तीस फुटांची होते, जखमा छोट्या राहतात, सावली टिकते. मी पंधरा वर्षं सह्याद्रीत प्रस्तरारोहण केलं आणि गेली बारा वर्षं झाडांवर काम करते आहे. या कामात दोर कशासाठी, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

हे वाचून कोणी थेट साठ फुटांवर जाऊ नये. आधी एखाद्या आंब्याच्या आडव्या फांदीवर दोर टाकून, जमिनीपासून दोन फुटांवर महिनाभर गाठी बांधा, सोडा, लोंबकळा. जाणत्या माणसाबरोबर शिका. आणि एकट्याने कधीच चढू नका.

चढायच्या आधी खालून

मी झाड पाहायला संध्याकाळी जाते. पर्जन्यवृक्षाची पानं सूर्य कलला की मिटतात आणि दुपारी गच्च हिरवा दिसणारा घुमट विरळ होतो. मग आतला सांगाडा दिसतो: कुठली फांदी वाळली आहे, कुठे दोन फांद्या एकमेकींना घासतायत, कुठे जुना खुंट कुजलाय.

पाहणी मुळापासून सुरू करायची. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का? गुलमोहरावर ती दिसली तर मी त्या झाडावर चढत नाही, मग वरून ते कितीही फुललेलं असो. मुळांशी नुकतं कोणी फरशी किंवा पाइपलाइनसाठी खणलंय का? जमिनीला एका बाजूने भेग पडली आहे का? लाकडी हातोडीने बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकत फिरा. भरीव लाकूड "टक्" वाजतं, पोकळ ढोलकीसारखं घुमतं. एकदा ऐकलंत की कान विसरत नाही.

मग वर पाहायचं. विजेची तार जवळून जात असेल तर तारेपासून तीन मीटरच्या आत ना आपण, ना दोर, ना पडणारी फांदी. घरगुती जोडणीची तार काळी आणि वेष्टित दिसते म्हणून निर्धास्त राहू नका, जुनं वेष्टण तडकलेलं असतं. तार आड येत असेल तर महावितरणकडे अर्ज करून वीज बंद करून घ्यायची आणि ती बंद झाल्याचं त्यांच्या माणसाकडून समक्ष कळल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशीचं काम संपलं. जाड फांदीच्या खालच्या बाजूला लोंबणारं ते काळपट पोळं पानांत पटकन दिसत नाही, म्हणून दुर्बीण जवळ ठेवते. करवतीच्या कंपाने माश्या उठल्या तर दोरावरच्या माणसाला पळता येत नाही. घरटीही पाहा. वैशाखात कावळे घरटी बांधतात, त्यामुळे मे महिन्यात छाटणी करणं मला पटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काम उरकलं तर पावसाआधी वजनही उतरतं आणि पिल्लंही वाचतात.

परवानगीची आठवण करून देते. शहरात झाड आपल्या कुंपणात असलं तरी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम त्याला लागू असतो. पालिकेच्या उद्यान विभागात अर्ज, पाहणी आणि मग काम. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे, तेव्हा जुन्या वडा-पिंपळाच्या बाबतीत अधिकच जपून.

सामान

डोंगरातला ताणणारा, म्हणजे डायनॅमिक दोर इथे नको. त्यावर लोंबकळलं की रबरासारखं वर-खाली होतं आणि करवत स्थिर राहत नाही. कमी ताणणारा, ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, माणसाच्या वजनासाठी प्रमाणित केलेला दोर घ्या. दोर दुहेरी जाणार म्हणून झाडाच्या उंचीच्या दुपटीपेक्षा थोडा जास्त लांब हवा. मी ४५ मीटरचा वापरते. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारा पिवळा-निळा दोर फांद्या ओढायला ठीक, पण त्यावर माणूस कधीही नाही. तो बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि गाठीच्या घर्षणाने लवकर वितळतो.

हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज, झाडकामाचा असावा. कड्यावरच्या हार्नेसमध्ये तासभर बसलात तर मांड्या बधिर होतात, शिवाय त्याला कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या नसतात. झाडावर त्या कड्या लागतात, कारण खोडाभोवती घ्यायचा आखूड दोर, म्हणजे लॅनयार्ड, तिथे अडकवायचा असतो. हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट, चष्मा, पायात जाड तळव्याचे बूट. आपोआप लॉक होणारे कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या, उघडता येणाऱ्या धातूच्या कड्या. म्यानात राहणारी वाकडी, ओढताना कापणारी हातकरवत. तेवढ्याने माझं नव्वद टक्के काम होतं.

काटेरी पट्ट्या, म्हणजे बुटाला बांधायचे लोखंडी आकडे, जिवंत झाडावर वापरू नका. एकेक पाऊल म्हणजे सालीच्या आत गेलेलं एकेक भोक. झाड पुरतं पाडायचं असेल तरच त्यांचा उपयोग.

दोर वर टाकणं

जाड दोर फेकून वर जात नाही. आधी दोन मिलिमीटरची गुळगुळीत दोरी आणि तिच्या टोकाला तीनशे ग्रॅमची पिशवी. माझी पहिली पिशवी मी जुन्या जीनच्या कापडाची, आत छर्रे भरून शिवली होती. पाय फाकवून उभं राहायचं, दोरी दुहेरी धरून पिशवी दोन्ही पायांमध्ये लंबकासारखी झुलवायची आणि तिसऱ्या-चौथ्या झोक्याला, हात समोर नजरेच्या उंचीला आल्यावर सोडायची. जोर खांद्यातून नको, झोक्यातून येऊ द्या. सरावाने चाळीस-पन्नास फुटांवरचं बेचकं साधतं. त्यापुढे मोठी गलोल वापरतात.

कुठलं बेचकं निवडायचं? जिवंत फांदीचं, मुख्य खोडाला लागून असलेलं, निदान मनगटाच्या दुप्पट जाड आणि ज्या फांदीवर काम करायचं तिच्यापेक्षा बरंच उंच. बेचकं इंग्रजी व्ही अक्षरासारखं चिंचोळं असेल आणि मधे साल दुमडून आत गेलेली दिसत असेल तर सोडून द्या, ते चिरतं. दोरी पडली की तिच्या मागे मुख्य दोर ओढून घ्यायचा. सालीवर थेट दोर घासू नये म्हणून मी दोन कड्यांचा पट्टा खालूनच वर चढवते. तो नसेल तर निदान जाड चामड्याची नळी तरी दोरावर घाला. पर्जन्यवृक्षाची खरखरीत साल दोराची वीण खाते आणि दोर सालीखालचा जिवंत थर जाळतो, नुकसान दोघांचं होतं.

मग परीक्षा. आम्ही दोघं, मी आणि धाकटा भाऊ, दोन्ही दोर एकत्र धरून पूर्ण वजनाने लोंबकळतो, हलकेच झटकेही देतो. तीन वर्षांपूर्वी एका शिरीषावर असं करताना वरून काडकन आवाज आला आणि कोपराएवढा वाळका खुंट आमच्यापासून हातभर अंतरावर पडला. खालून पानांआड तो जिवंत फांदीसारखा दिसत होता. परीक्षा न करता मी चढले असते तर तो चाळीस फुटांवर तुटला असता.

गाठ

झाडावर चढायच्या अनेक पद्धती आहेत, हल्ली एकेरी दोरावर यांत्रिक साधनांनी चढणारेही पुष्कळ आहेत. पण खोडाच्या बुडाशी बांधलेल्या एकेरी दोरात वरच्या फांदीवर आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, हे नवशिक्याच्या लक्षात येत नाही. शिकायला दुहेरी, फिरता दोर बरा. दोर बेचक्यावरून जातो, एक टोक हार्नेसला पक्कं, आणि दुसऱ्या पदराला आपण सरकत्या गाठीने धरलेलं. ही गाठ हाताने सरकते, पण वजन पडलं की दोराला घट्ट धरते. दोर दोन फूट ओढला की आपण एक फूट वर. कष्ट विभागले जातात, भारही.

सरकती गाठ म्हणून मी ब्लेक्स हिच शिकवते. प्रुसिक सगळ्या गिर्यारोहकांना येते, कार्ल प्रुसिकने ती १९३१ मध्ये मांडली तेव्हापासून ती चालत आली आहे. पण तिला मुख्य दोराहून बारीक दोरी लागते आणि वजन पडलं की ती आवळून बसते. ब्लेक्स हिच सारख्या जाडीच्या दोरानेही धरते आणि वजन असतानाही सुटी होते.

दीड मीटरचा वेगळा तुकडा घ्या. एक टोक हार्नेसच्या कॅराबिनरला पक्कं करा. दुसरं टोक हातात घेऊन चढायच्या दोराभोवती खालून वर चार वेढे द्या. पहिले दोन वेढे देताना अंगठा दोराला लावून ठेवा, म्हणजे त्या दोन वेढ्यांखाली जागा राहते. चार झाले की टोक खाली आणा, कॅराबिनरकडून येणाऱ्या पदराच्या पुढून घ्या, मग चढायच्या दोराच्या मागून फिरवा आणि अंगठा काढून त्या जागेतून, खालच्या दोन वेढ्यांच्या आतून, वर बाहेर काढा. टोक दुसऱ्या आणि तिसऱ्या वेढ्याच्या मधून निघालं पाहिजे. वेढे एकमेकांशेजारी बसवून घ्या, एकावर एक नकोत. उरलेल्या टोकाला इंग्रजी आठाची गाठ, म्हणजे ते निसटणार नाही.

चूक एकच ठिकाणी होते: टोक कॅराबिनरकडच्या पदराला वळसा न घालता थेट आत खोचलं जातं. तशी गाठ दिसायला हुबेहूब असते, सुरुवातीला धरतेही, आणि नंतर घसरते. म्हणून दोन फुटांवर लोंबकळून, उड्या मारून पाहिल्याशिवाय वर जायचं नाही. भाऊ माझी गाठ बोट लावून तपासतो, मी त्याची. बारा वर्षांत हा नेम एकदाही चुकवलेला नाही.

दोराच्या मोकळ्या टोकालाही गाठ मारा. दोर आखूड पडला तर उतरताना सरकती गाठ त्यावरून निसटू नये. आणि उतरायचं सावकाश. सरसर उतरलात तर गाठ तापते, दोराची वीण चकचकीत आणि कडक होते. तसा झालेला तुकडा मी तिथेच कापून टाकते.

फांदीवर चालत जाणं

मला या कामातला सगळ्यात आवडता भाग हा. आधी खोडालगत वर जायचं, काम करायच्या फांदीच्या बऱ्याच वर, आणि दोर आणखी उंच, झाडाच्या मध्याजवळच्या बेचक्यात हलवून घ्यायचा. तो हलवताना लॅनयार्डने खोडाला बांधलेलं असलंच पाहिजे. झाडावर असताना एक आधार सोडायच्या आधी दुसरा लागलेला असतो, याला अपवाद नाही.

मग फांदीवर उतरायचं. तोंड खोडाकडे, पाठ टोकाकडे, शरीर दोरावर मागे रेललेलं. गाठ थोडी सोडायची, एक पाऊल मागे, पुन्हा थोडी सोडायची. पाय फांदीवर आडवे, गुडघे सैल. वजन दोरावर आहे की पायांवर, हे फांदीच सांगते: ती खाली झुकू लागली तर तुम्ही तिच्यावर उभे आहात. गाठ जरा वर ओढा, फांदी पुन्हा वर येते. पहिल्यांदा हे अंगाला कळतं तेव्हा भीती बरीच ओसरते.

जसजसं टोकाकडे जाऊ तसतसा दोर आडवा होत जातो. दोर आणि फांदी यांच्यातला कोन ४५ अंशांहून कमी झाला की मी थांबते. इथे पाय घसरला तर खाली पडणार नाही, पण झोका घेऊन खोडावर आदळू. पुढे जायचंच असेल तर आधी वाटेतल्या उंच फांदीच्या बेचक्यातून दोर वळवून घ्यायचा. लॅनयार्ड फांदीभोवती घेतलेला असतोच.

काप

करवत काढायच्या आधी दोन आधार: मुख्य दोर आणि लॅनयार्ड. सहा वर्षांपूर्वी एका आंब्यावर मी डाव्या बाजूला ताणून कापत होते. करवत खाचेतून सुटली आणि ताणलेल्या लॅनयार्डला लागली. एकाच फटक्यात वरचं वेष्टण उघडलं आणि आतले पांढरे धागे दिसू लागले. ताणलेला दोर पात्याला सुतळीसारखा कापला जातो. मुख्य दोर होता म्हणून मी हे लिहिते आहे. तेव्हापासून माझ्या लॅनयार्डच्या आत पोलादी तार असते, आणि हात पुरत नसेल तर मी ताणत नाही, जागा बदलते.

कुठे कापायचं? फांदी जिथून निघते तिथे बुडाशी एक फुगवटा असतो, सुरकुतलेल्या मनगटासारखा. त्याला आम्ही कॉलर म्हणतो. काप कॉलरच्या लगेच बाहेर. आत घेतलात तर मूळ फांदीचं लाकूड उघडं पडतं, लांब ठेवलात तर खुंट कुजतो आणि कूज आत नेतो. अमेरिकेच्या वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं चेनसॉने उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड तिच्याभोवती भिंती उभारून कूज कोंडून टाकतं. कॉलरमध्ये ती भिंत उभारायची तयारी आधीच असते. छोट्या जखमेची भिंत लवकर पुरी होते, मोठीची होईपर्यंत कूज पुढे गेलेली असते. म्हणून तीन-चार इंचांहून मोठी जखम मी शक्यतो करत नाही.

फांदी नुसती आखूड करायची असेल तर ती मधेच कुठेही तोडू नका. एखादी बाजूची डहाळी शोधा, जी कापल्या जाणाऱ्या भागाच्या निदान एक तृतीयांश जाडीची असेल, आणि तिथपर्यंत कापा. तीच पुढे टोक होते. मधे तोडलं तर झाड घाबरून घुमाऱ्यांचा झुबका काढतं, आणि ते वरवर चिकटलेले घुमारे चार-पाच वर्षांनी वादळात मोडतात.

मनगटाहून जाड काही असेल तर तीन काप. पहिला कॉलरपासून फूटभर बाहेर, खालून, जाडीच्या चौथाईपर्यंत. दुसरा त्याच्या दोन-तीन बोटं पुढे, वरून, फांदी सुटेपर्यंत. खालचा काप नसता तर पडणारी फांदी साल सोलत खोडापर्यंत गेली असती. आता हलका उरलेला खुंट तिसऱ्या कापाने कॉलरशी काढायचा, शेवटी डाव्या हाताने धरून. डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका, खाली ओल कोंडते. फळबागेत मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात ते मला माहीत आहे, पण रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांवर मी जखम उघडीच ठेवते.

एका हंगामात एकूण पानोऱ्याच्या चौथाईहून जास्त काढायचं नाही. म्हाताऱ्या झाडाचं त्याहूनही कमी.

खाली काय चाललंय

आठ इंच जाड, दहा फूट लांब ओली फांदी ऐंशी किलोच्या आसपास भरते. ती गाड्यांवर, पत्र्यावर सोडता येत नाही. मग कामाचा वेगळा दोर वरच्या मजबूत बेचक्यातून घेऊन फांदीला बांधायचा, खाली त्याचे खोडाभोवती दोन-तीन वेढे घ्यायचे आणि खालच्या माणसाने सावकाश सोडायचं. वेढ्यांच्या घर्षणामुळे एकटा माणूस एवढं वजन पेलतो. तो दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. फांदी आधी फूटभर पडून मग दोराला अडकली तरी धक्का वजनाच्या कित्येक पट बसतो, म्हणून दोर आधी ताणून मग कापायचं.

आमच्यात डोंगरातली सवय आहे. कड्यावर "दगड!" ओरडतो, तसं इथे कापायच्या आधी मी "फांदी!" म्हणते. खालून "मोकळं!" आल्याशिवाय शेवटचा काप देत नाही. भावाने "ताई, थांब" म्हटलं तर कारण न विचारता थांबते.

खाली असलेल्या माणसाला चढता आलंच पाहिजे, आणि झाडात दुसरा दोर तयार लावलेला असला पाहिजे. हार्नेसमध्ये बेशुद्ध, निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांतच जिवावर बेततं. तोवर अग्निशमन दल पोचेलच असं नाही. वर्षातून दोनदा आम्ही एकमेकांना खाली आणायचा सराव करतो. पहिल्यांदा बावीस मिनिटं लागली होती, आता सहा-सात लागतात.

त्या पर्जन्यवृक्षावर आम्ही दोन दिवस होतो. एकोणीस काप झाले, सगळ्यात मोठा साडेतीन इंचांचा. फांदी आधी जिथे गाडीच्या टपापासून हातभर होती, ती वजन उतरल्यावर आपणहून दोन फूट वर उचलली गेली. घरी आल्यावर दोर साध्या पाण्यात, सौम्य साबणाने धुतला, सावलीत वाळवला आणि ४५ मीटर हातातून वीतभर-वीतभर फिरवला. बत्तिसाव्या मीटरला वीण जरा फुगलेली लागली. तिथे लाल दोरा बांधून ठेवलाय, पुढच्या कामाआधी पुन्हा पाहीन.